उपाशी ठेवायचं झाड

आबा, आपल्या घरात एक झाड होतं आणि त्याला उपाशी ठेवायचं असतं, असं मी सांगितलं असतं तर तुम्ही तळहातावरची तंबाखू मळता मळता थांबून माझ्याकडं बघितलं असतं. 'कुण्या शहाण्यानं सांगितलं रं तुला हे?' एवढंच विचारलं असतं आणि पुन्हा मळायला लागला असतात. तुमची सगळी जिंदगी दुसऱ्यांच्या रानांना खाऊ घालण्यात गेली. बोरीकडून सेलूपर्यंत, एखाद्या वर्षी पार सोनपेठच्या गोदाकाठापर्यंत, ज्याच्या रानाला खत कमी पडलं त्यानं निरोप धाडायचा आणि तुम्ही मेंढ्या घेऊन निघायचं. संध्याकाळी वाघर ठोकायची, म्हणजे ती सुताची जाळी खुंट्यांवर ताणायची, आत मेंढ्या बसवायच्या. सकाळी जाळी काढली की खाली लेंड्यांचा नि मुताचा ओला काळा चौकोन उरायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी दुसरा. असं करत अख्खं रान तुम्ही जेवू घालायचात आणि त्या बदल्यात ज्वारी घ्यायचात. पुढच्या साली त्या जागेवरची कापसाची पऱ्हाटी बाकीच्यांपेक्षा उंच दिसायची आणि रस्त्यानं जाताना तुम्ही ती मला बोटानं दाखवायचात. लहानपणी मला वाटायचं, मातीला एकच दुखणं असतं, भूक, आणि त्याचं औषध आपल्याकडं आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी सेलूत विहिरीवरच्या मोटारी भरायचं काम शिकत होतो. पुढं स्वतःचं दुकान टाकलं, अजूनही तेच करतो. जळालेली मोटार उघडायची, जळकी तार काढायची, नवी भरायची. लग्न तुमच्या माघारी झालं, त्यामुळं तुम्ही सून बघितली नाही. आता तिकडं बघितली असेल तर मला ठाऊक नाही. ती गेल्या भाद्रपदात गेली. शाळेत विज्ञान शिकवायची. बारीक होती, भराभरा बोलायची, आणि मला 'अहो कारागीर' म्हणायची. आम्हाला लेकरू झालं नाही. त्यावरून आईनं पहिली काही वर्षं तिला लागेल असं बोलून घेतलं, मग एक दिवस बोलायचं बंद केलं, आणि दोघींमध्ये जे काही उरलं त्याला मी शांतता समजत आलो.

ते झाड तिचं. घटपर्णी म्हणतात. पानाचं टोक लांबत लांबत जातं आणि त्याला एक घडा लोंबतो, वर झाकण, आत पाणी. मुंगी-माशी वासानं येते, घसरून आत पडते, आणि झाड तिला पचवतं. शाळेच्या पुस्तकात त्याचं चित्र होतं. तिनं ते कितीतरी वर्षं फळ्यावर काढलं, पण खरं झाड कधी पाहिलं नव्हतं. पुण्याला तिच्या आजाराच्या तपासणीसाठी गेलो होतो, तेव्हा दवाखान्याच्या पुढच्या गल्लीत एका रोपवाटिकेत ते टांगलेलं दिसलं. त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला काय ते स्पष्ट सांगितलं होतं. बाहेर पडून आम्ही दोघंही त्यावर एक शब्द बोललो नाही. तिनं झाड घेतलं, रेल्वेत मांडीवर धरलं, आणि सेलू येईपर्यंत आम्ही फक्त झाडाबद्दल बोललो. ते कुठल्या दमट जंगलातलं, त्याला ऊन किती, पाणी कसलं. एवढं तर आम्ही लग्नाआधी एकमेकांबद्दलही बोललो नव्हतो.

आपल्या हवेत ते जगायचं नाही हे तिला माहीत होतं. म्हणून तिनं एकाची जुनी माशांची काचेची टाकी आणली, वर काचेचंच झाकण घेतलं, आणि झाड त्यात ठेवलं, म्हणजे आतली ओल आतच राहते. ती त्याला टेरॅरियम म्हणायची, आई काचेची पेटी म्हणायची. घड्यांना आईनं गडू नाव पाडलं. 'तुझ्या झाडाला गडू लागलेत बग,' म्हणायची, आणि त्यावर तुमची सून हसायची. त्या पेटीपाशी दोघी एकमेकींशी नीट बोलायच्या. उन्हाळ्यात पेटीवर बर्फाच्या बाटल्या ठेवायच्या. थंडीत, तुम्हाला परभणीची थंडी माहीत आहे, तेव्हा तिनं तुमची घोंगडी काढून पेटीला गुंडाळली. मला विचारलं नाही, आईला विचारलं. आई म्हणाली, 'घाल की, माणूस काय अन् झाड काय.' पाण्याचं मात्र आईला कधी पटलं नाही. आपल्या बोअरच्या पाण्यानं भांड्याला पांढरा थर धरतो, ते पाणी या झाडाला चालत नाही, म्हणून त्याला फिल्टरचा जार. 'आमी बोअरचं प्यायलोत अन् ह्ये जारचं प्यायलंय,' आई शेजारणीला सांगायची.

आणि माती. आबा, त्या झाडाच्या मुळाशी मातीच नसते. आपली काळी तर नाहीच, लाल नाही, वाळूही नाही. ज्या जंगलातून ते आलं तिथं जमिनीत काही सत्त्व नसतं, म्हणून तर ते माश्या खायला शिकलं. त्याच्या मुळांना खतपाणी दिलं की ती जळतात. तिनं हे मला समजावून सांगितलं तेव्हा मी म्हणालो, 'म्हणजे आमच्या आबांचा धंदा बुडवणारं झाड.' तिला ते फार आवडलं, शाळेतही सांगून आली. मातीऐवजी घालायची तिच्या हातची मिसळ मी एकदाच होताना बघितली. स्वयंपाकघरात खाली बसली होती, पुढं कणकेची परात, त्यामुळं आई आधीच तोंड फिरवून बसलेली. परातीत नारळाच्या भुशाची वीट भिजत घातली होती, तिचं पाणी चहासारखं निघायचं, ते ओतून पुन्हा नवं, पुन्हा ओतून पुन्हा. भुशात मीठ असतं म्हणाली. मग पुण्याहून आणलेलं वाळकं शेवाळ, त्याला ती मॉस म्हणायची, ते भिजवून मुठीत पिळलं. मग मुरमुऱ्यासारखे पांढरे हलके दाणे, परलाइट, आणि कोळशाचे तुकडे. सगळं हातानं वरखाली केलं, जसा चिवडा करतात तसा. मी दारात उभा होतो. म्हणालो, 'मला शिकवून ठेव, किती काय घ्यायचं ते.' तिचे हात थांबले. माझ्याकडं न बघता म्हणाली, 'कशाला? मी आहे की.' त्यानंतर मी कधी विचारलं नाही. कसं विचारणार होतो?

शेवटच्या दोन-तीन महिन्यांत तिला काही गिळता यायचं नाही. आईनं काय काय केलं ते मी बघितलंय. ज्वारीची आंबील, तांदळाची पेज, मुगाचं कढण, फडक्यातून गाळून गाळून. डोळ्यांत मोतीबिंदू, उजेड-अंधारापलीकडं काही दिसत नाही, तरी चाचपडत चाचपडत वाटी घेऊन तिच्या उशाशी बसायची. 'उलसं घे माय. जिभंला लाव फकस्त.' ती चमचाभर घ्यायची, आईचं मन राखायला, आणि आई बाहेर गेली की सगळं उलटून पडायचं. मग तेही थांबलं. आई वाटी तशीच घेऊन बसलेली असायची. ती गेली त्या दिवशीसुद्धा वाटी होतीच.

त्यानंतर घरात आम्ही दोघं आणि पेटी. मी सकाळी दुकानात जाण्याआधी झाकण उघडून जारचं पाणी शिंपडायचो, एवढंच मला येत होतं. झाड हिवाळ्यातून निघालं. एक नवं पानही आलं. मला त्याचा आनंद वगैरे झाला नाही, आबा, खोटं कशाला बोलू. मला फक्त वाटायचं, तिनं हात लावलेलं काहीतरी अजून वाढायलंय, तोवर मी सकाळी उठायला हरकत नाही.

वैशाखात दुकानात पाण्यात बुडवायच्या पाणबुड्या मोटारींची रांग लागली. विहिरी खोल गेल्या की मोटारी जळतातच. चार-आठ दिवस मी पेटीकडं नुसती घाईघाईनं नजर टाकत होतो. एके सकाळी झाकण उचललं तर आतून आपल्या वाड्याचा वास आला. ओल्या मेंढरांचा, लेंडीचा, तुमच्या अंगाचा वास. क्षणभर मला काही कळेना. मग बघितलं तर शेवाळावर तपकिरी चिखल, त्यावर पांढरी बुरशी, पानांची टोकं करपलेली आणि घडे चिपाडासारखे वाळलेले. अंगणातल्या कढीपत्त्यासाठी चुलतभावानं बोरीहून लेंडीखताचं पोतं आणून टाकलं होतं. आई दुपारी त्यातलं मूठभर घ्यायची, हातात चुरायची, आणि बोअरच्या पाण्यात कालवून त्या झाडाला घालायची. रोज. मी विचारलं तर तिनं काहीच लपवलं नाही.

'झाकण लावल्यावर माश्या कुठून येत्याल त्याला?' ती म्हणाली. 'गडू चाचपून बघितले, समदे कोरडे. म्हणलं, ह्ये बी तिच्यावानी काई खाईना गेलंय. तिला घास गेला न्हाई माझ्या हातचा. ह्याला तरी जाईल म्हणलं.'

मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं इथं लिहीत नाही. एवढं आठवतं की शेवटी म्हणालो, जिवंत होती तेव्हा तिला सुखानं खाऊ दिलं नाहीस आणि आता खायला घालून मारलंस. आई भिंतीला टेकून बसली होती, आवाजाच्या दिशेनं तोंड करून. मला तेव्हा तुमची आठवण आली, तीही रागातच. मी सात-आठ वर्षांचा आहे, दुधनेच्या काठाला आपला मुक्काम आहे, दिवसभर चालून माझ्या पोटात कावळे ओरडतायत. मी भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घालतो, आणि तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेता. आई मेलेलं एक कोकरू आहे, त्याला अजून बाटली पाजायची राहिलीय. 'मुकं जित्राब उपाशी हाय अन् तू खायलास?' तुम्ही म्हणता, आवाज न चढवता. मी रडत रडत बाटली पाजतो, मग तुम्ही मला तुमच्या वाट्याचीही भाकरी देता. आपल्या घरात प्रेमाची एवढी एकच रीत होती. आईनं दुसरं काय केलं? तुम्ही शिकवलंत तेच केलं.

संध्याकाळी तिनं ताटावर बसायला नकार दिला. मी म्हणालो, झालं गेलं, जेव. ती म्हणाली, 'ते फुटल्याबिगर म्या भाकर खात न्हाई.' शपथ नाही, देवाचं नाव नाही, साध्या आवाजात. तुम्हाला तिचा हट्ट माहीत आहे. तुमच्याशी भांडून तिनं दोन-दोन दिवस अन्न सोडलेलं तुम्हीच सांगायचात, हसून. पण तेव्हा ती तरणी होती. आता सकाळ-संध्याकाळ कपभर चहा, त्यात फार तर बोटभर बिस्कीट. शेजारीण समजावून गेली, चुलतभाऊ फोनवर रागावला, डॉक्टर म्हणाले या वयात असं चालणार नाही. ती सगळ्यांना व्हय म्हणायची आणि खायची नाही. घरात दुसऱ्यांदा एक बाई माझ्यासमोर वाळायला लागली होती, आणि या वेळी आजाराचं नाव सांगायलाही कुणी नव्हतं.

म्हणून मी ती मिसळ ठरवायला बसलो. झाड नव्या मिसळीत लावलं तर कदाचित वाचेल. परभणीला जाऊन रोपवाटिकेवाल्याला विचारलं, तो म्हणाला नुसता नारळाचा भुसा घ्या, सगळं त्यात येतं. त्याच्याकडं गुलाब आणि शोभेची पामची झाडं, ही जात त्यानं पाहिलेलीच नव्हती. मोबाइलवर बघितलं तर दहा माणसं दहा गोष्टी सांगायलेत. एक म्हणतो निम्मं शेवाळ, निम्मं परलाइट. दुसरा म्हणतो नुसतं शेवाळच. तिसरा झाडाच्या सालीचे तुकडे घालतो, चौथा त्याला मूर्खात काढतो. त्यांतल्या कुणाच्याच घरी बेचाळीस अंश ऊन आणि उपाशी आई नव्हती. मला त्यांचं प्रमाण नको होतं. मला तिचं हवं होतं.

मोटार भरताना एक रीत असते. जळालेली गुंडाळी फेकून द्यायची नाही. आधी उकलायची, वेढे मोजायचे, तारेची जाडी बघायची, म्हणजे आधीच्यानं काय केलं होतं ते कळतं, मग तसंच भरायचं. मी तेच केलं. झाड हलक्या हातानं उपटलं, बाजूला ओल्या फडक्यात ठेवलं, आणि खालचं सगळं वर्तमानपत्रावर पसरलं. आई सरकत सरकत जवळ आली. तांदूळ निवडतात तसे आम्ही दोघं बसलो. पांढरे दाणे एकीकडं, कोळसा एकीकडं. तिला दिसत नव्हतं, बोटांनी चाचपून विचारायची.

'ह्ये काय?'

'कोळसा.'

'कोळसा खातं व्हय ते?'

'खात न्हाई. पाणी नासू देत न्हाई.'

'अन् ह्ये पांढरं?'

'ते नुसतं हवेसाठी. मुळाला जागा रहावी म्हणून.'

'मग खाण्याचं कोणतं हाय ह्याच्यात?'

'कोणतंच न्हाई.'

ती बराच वेळ पांढरा दाणा बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, 'असं कसं लेकरू जगवावं माणसानं.' आणि पुन्हा निवडायला लागली.

वेढे मोजता आले नाहीत, आबा. दाणे आणि कोळसा कुजत नाहीत, तेवढं निघालं. पण शेवाळ आणि भुसा लेंडीच्या पाण्यात सडून एकजीव झाले होते. त्यात तिनं किती मुठी काय घातलं होतं हे सांगणारं काही उरलं नव्हतं. मी तो काळा गोळा हातात धरून बसलो. तिच्याबद्दलची एक शेवटची गोष्ट मला कळायची राहिली होती आणि ती आता कळणार नव्हती, हे मला तिथं, वर्तमानपत्रावर, समजलं. ती गेली तेव्हा माणसं होती, सगळ्यांसमोर नीट रडायलाही येईना. त्या दिवशी रडलो. आई म्हणाली, 'रड,' आणि तिचा लेंडीनं माखलेला हात माझ्या पाठीवर ठेवला.

शेवटी मी अंदाजानंच केलं. शेवाळ मागवलं, ते येईपर्यंत आठवडा गेला आणि आई आणखी वाळली. दोन मुठी शेवाळ, एक मूठ दाणे, थोडा कोळसा. भुसा घातला नाही, धुताना मीठ राहिलं तर, अशी भीती वाटली. ती असती तर म्हणाली असती, अहो कारागीर, भुशाशिवाय कसं? किंवा नसतीही म्हणाली. झाडाची मुळं काळी दिसत होती. ती मुळातच काळी असतात म्हणे, त्यामुळं जिवंत कोणतं आणि मेलेलं कोणतं हेही मला ओळखू येईना. मग सडका भाग कापला, वरचा हिरवा दांडा तेवढा घेतला आणि नव्या मिसळीत उभा केला. परात घासून आईला दिली. काही दिवस दांडा हिरवा राहिला. आई रोज विचारायची, 'फुटलं का?' मी म्हणायचो, 'न्हाई अजून.' ती चहाचा कप तोंडाला लावायची. एके सकाळी बघितलं तर दांडा खालून काळा पडत आला होता. बोट लावलं तर मऊ होता. वरपर्यंत गेलेला. मी तो उपटून कागदात गुंडाळला आणि दुकानात जाताना नेला, कुठं टाकला ते तुम्हालाही सांगणार नाही.

संध्याकाळी आईनं विचारलं, 'फुटलं का?' तिचे गाल आत गेलेले, मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं. मी म्हणालो, 'व्हय. एक कोंब दिसायलाय.' तिनं हात जोडले, कुणाला ते माहीत नाही. मग म्हणाली, 'चतकोर भाकर दे.' मी दुधात कुस्करून दिली. ती जेवताना मी समोर बसलो होतो आणि मला स्वतःची किळस येत होती आणि तरी ती एकेक घास गिळत होती ते मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो.

दुसरं रोप आणता येतं. पुण्याहून मागवता येतं, तिला दिसत नाही, कळणारही नाही. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. ती फसवणूक माझ्याच्यानं होत नाही, आणि ही होते, याला काय म्हणावं मला कळत नाही. पेटी तशीच आहे. आत तीच मिसळ, पांढरी-काळी, ओली, स्वच्छ, तिच्यात काहीही लावलेलं नाही. झाकण उघडायचं नाही, आतली ओल जाते, असं आईला सांगून ठेवलंय, त्यामुळं ती काचेला फक्त तळहात लावते. मी रोज सकाळी त्या मिसळीवर जारचं पाणी शिंपडतो. आईला तो आवाज ऐकू जायला हवा. आता ती अर्धी भाकरी खाते, कधी वरणही मागते. अंगावर थोडं मांस आलंय. शेजारीण म्हणाली, लेकानं आईला वाचवलं.

परवा जेवताना तिनं घास हातातच धरून विचारलं, 'गडू आला का रं त्याला?' मी म्हणालो, 'आला. बारका हाय अजून, करंगळीएवढा.' ती म्हणाली, 'मग तिच्या फोटोला सांग की, बसलास काय.' आबा, हे पत्र पाठवायला पत्ता नाही आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट मला कुणालाच सांगायची नाही. फोटोपाशी मी गेलो नाही. ताटावरून उठलो, पेटीपाशी गेलो, झाकण उचलून काचेवरची आतली वाफ बाहीनं पुसली आणि गडू आलाय का ते खरंच बघितलं.